डिझेल, वीज आणि ग्वाल्हेरचा रस्ता

ज्या टेकडीवर मांढऱ्यांच्या मातेचे देऊळ उभे आहे तिच्या पायथ्याशी आणि जयारोग्य रुग्णालयाच्या अवतीभोवती पसरलेली कंपू ही ग्वाल्हेरची वस्ती शिंदेशाहीतील कवायती पलटणींचे नाव अद्याप मिरविते. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास डी बॉईन या सॅव्हॉयच्या सेनानीला चाकरीस ठेवून त्या पलटणी उभारल्या, तेव्हा त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो यंत्रशास्त्राच्या परिभाषेतही मांडता येण्याजोगा आहे. मराठी घोडदळ क्षणात उसळणारे, पण एका जागी पाय रोवून प्रहरभर मारा करीत राहणे त्याच्या स्वभावात नाही. कवायती पायदळ संथ, पण अखंड झुंजणारे. आणि दोन्ही एका निशाणाखाली आणली तर एकाचे उणे दुसऱ्याने भरून निघते. ही मसलत सफळ झाली हे सर्वश्रुत आहे. मात्र तिचा खर्च भागविण्यासाठी दुआबातील परगणेच्या परगणे पलटणींच्या तनख्याकडे लावून द्यावे लागले, ही गोष्ट तिच्या यशाइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

डिझेलचे इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत बसविण्याचा जो उद्योग जर्मनीत ऑडी कंपनीने १९९७ साली आपल्या ‘डुओ’ या गाडीत प्रथम बाजारापर्यंत नेला आणि फ्रान्स, स्वीडन, जपान व हिंदुस्थान येथील कारखानदारांनी पुढे आपापल्या परीने करून पाहिला, त्याचा जमाखर्च मांडू लागले की महादजींचा हा हिशेब वारंवार आठवतो. दोन शक्ती एकत्र आणण्यात लाभ आहे याविषयी वाद नाही. दोन फौजांचा पगार कोणी आणि किती काळ सोसायचा, एवढाच खरा वाद आहे.

हा प्रश्न कंपूत बसून विचारण्याला एक विशेष कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली जगातील शहरांच्या हवेची जी यादी प्रसिद्ध केली, तीत अतिसूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत इराणमधील झाबोलच्या खालोखाल ग्वाल्हेरचे नाव होते. घनमीटरमागे १७६ मायक्रोग्रॅम हा आकडा त्या वेळी आपल्या शहराच्या कपाळी लागला. त्यात रस्त्यावरची माती, चुलींचा धूर, विटांच्या भट्ट्या यांचा वाटा मोठा होता हे खरे, तथापि रुग्णालयाच्या फाटकापासून आमखोपर्यंतच्या रस्त्यावर सकाळी दहाच्या सुमारास जो कोणी उभा राहील, त्याला त्यातला डिझेलचा हिस्सा नाकाने ओळखता येईल. बॅटरी-रिक्षा, टेंपो, शिवपुरीकडे निघालेल्या जीपा, रुग्णवाहिका आणि खेड्यांतून माणसे भरून आणणाऱ्या बसगाड्या या रस्त्यावर एकमेकींच्या मागे पाच पावले चालतात आणि थांबतात. प्रत्येक थांबण्यात वेगाच्या रूपाने जमलेली शक्ती ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन नष्ट होते, आणि प्रत्येक निघण्यात तीच शक्ती पुन्हा इंधन जाळून विकत घ्यावी लागते.

डिझेलच्या इंजिनाची थोरवी कशात आहे हे आधी सांगितले पाहिजे, कारण अलीकडे त्याची निंदा करणे सोपे झाले आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे जे यंत्र चालवून दाखविले त्याचे मर्म असे की त्यात ठिणगी नाही. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शापर्यंत दाबली असता ती इतकी तापते की आत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनात शक्ती कमी हवी असेल तेव्हा हवेच्या वाटेवरील झडप मिटून त्याचा श्वास कोंडावा लागतो आणि त्या कोंडलेल्या श्वासापायी बरीच शक्ती वाया जाते. डिझेलला अशी कोंडी माहीत नाही, ते हवा पोटभर घेते आणि फक्त इंधनाचे माप कमीजास्त करते. म्हणूनच जेथे पेट्रोलची साधी गाडी इंधनातील उष्णतेच्या एकतृतीयांशाच्या आसपास काम पदरात पाडून घेते, तेथे चांगले डिझेल इंजिन चाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकअष्टमांश उष्णता अधिक असते. अर्थात ते जळून निघणारा कार्बन डायऑक्साइडही अधिक, लिटरमागे २.६८ किलो विरुद्ध २.३१ किलो; तेव्हा ‘लिटरला अमुक किलोमीटर’ या एकाच मापाने दोघांची तुलना करणारे विक्रेते ग्राहकाला अर्धेच खाते दाखवितात.

आता या इंजिनाला विजेची जोड द्यायची म्हणजे काय करायचे? ग्वाल्हेरच्या माणसाला याचे पहिले उत्तर रेल्वेच्या रुळांवर मिळते. झाशी-आग्रा मार्गावर ज्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनांनी कित्येक दशके गाड्या ओढल्या, ती १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली; त्यांच्या पोटातले २,६०० अश्वशक्तीचे डिझेल यंत्र चाकांना हातच लावीत नसे. ते जनित्र फिरवी, जनित्र वीज उत्पन्न करी आणि त्या विजेवर आसांना जोडलेल्या सहा मोटरी चालत. गिअर नाही, क्लच नाही, आणि स्थिर उभ्या असलेल्या हजारो टनांच्या मालगाडीला हलविण्यासाठी लागणारा सुरुवातीचा जोर मोटरीच्या अंगी जन्मजात. उणीव एवढीच की वीज साठवायला बॅटरी नव्हती, त्यामुळे उतारावर मोटरींना उलटे जनित्र करून गाडी रोखली तरी निपजलेली वीज धातूच्या रोधकांतून उष्णतेच्या रूपाने वाऱ्यावर सोडून द्यावी लागे. याच रचनेत मध्ये बॅटरी घातली की तिला संकरित गाड्यांच्या शास्त्रात ‘सीरीज’ म्हणजे एकसरी मांडणी म्हणतात.

आपल्या दोन फुटी रुळांच्या छोट्या गाडीने मात्र हा मार्ग स्वीकारला नाही. माधवराव शिंदे महाराजांच्या हौसेतून आणि दूरदृष्टीतून निर्माण झालेली ही रेल्वे ग्वाल्हेरहून श्योपुरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर धावे आणि २०२० च्या मार्चपर्यंत ती धावत होती. वाफेचा जमाना सरल्यावर तिला चित्तरंजन कारखान्याने जी डिझेल इंजिने पुरविली त्यांत जनित्र नव्हते, शक्ती चाकांपर्यंत तेलाच्या दाबाने पोहोचविली जाई. थोड्या अश्वशक्तीच्या हलक्या यंत्राला स्वतःचे जनित्र आणि मोटरी या दोहोंचे ओझे वाहणे परवडत नाही, असा यातला व्यवहार आहे. (महाराजांनी जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर पाहुण्यांपुढे फिरविलेली चांदीची आगगाडी विजेवर चाले आणि बाहेर रयतेची वाफेवर, हौसेला परवडणे-न परवडणे लागू नसते.) हा व्यवहार मोटारगाडीच्या बाबतीतही जसाच्या तसा खरा ठरतो. अवजड वाहनाला एकसरी मांडणी शोभते, लहान गाडीला ती जड होते.

लहान गाडीसाठी म्हणून दुसरी मांडणी निघाली, तिला समांतर म्हणतात. तीत इंजिन आणि मोटर दोघेही चाकांना हातभार लावतात, आणि मोटर नेमकी कोठे बसविली यावर गाडीचा स्वभाव ठरतो. सर्वांत स्वस्त जागा म्हणजे इंजिनाच्या पुढचा पट्टा, जेथे एरवी अल्टरनेटर असतो. तेथे थोडी दांडगी मोटर बसविली की ती इंजिन चालू करते, निघताना थोडा जोर देते आणि ब्रेक लावताना वीज परत जमा करते. याहून खर्चिक जागा इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मधली. मर्सिडीजने २०१२ च्या सुमारास ‘ई ३०० ब्लूटेक हायब्रिड’मध्ये २०४ अश्वशक्तीच्या डिझेलला २७ अश्वशक्तीची मोटर तेथेच जोडली. तिसरी जागा मला सर्वांत चातुर्याची वाटते. २०११ मध्ये प्यूजो कंपनीने ‘३००८ हायब्रिड-४’ ही गाडी काढली तेव्हा १६३ अश्वशक्तीचे डिझेल पुढच्या चाकांना आणि ३७ अश्वशक्तीची मोटर मागच्या चाकांना अशी विभागणी केली. दोघांच्या मध्ये कसलाही दांडा नाही, त्यांना जोडणारा दुवा म्हणजे केवळ खालचा रस्ता आणि वरचा संगणक. चंबळच्या बीहडांतून किंवा पावसाळ्यात श्योपुरच्या कच्च्या वाटांनी जीप हाकणाऱ्याला चारही चाकांना बळ मिळावे, पण त्यासाठी गाडीच्या पोटाखालून अवजड दांडा न्यावा लागू नये, याहून अधिक काय हवे? ही कल्पना आपल्याकडच्या जीपांत कोणी रुजविली नाही याचे मला आजही नवल वाटते.

तरीही एका गैरसोयीच्या सत्याला सामोरे गेलेच पाहिजे. विजेची जोड जी व्याधी बरी करते ती प्रामुख्याने पेट्रोलची व्याधी आहे. मंद गतीत कोंडणारा श्वास, उभ्या गाडीत वाया जाणारे इंधन, थोड्या भाराखाली ढासळणारी कार्यक्षमता हे पेट्रोलचे रोग. डिझेलला ते मुळातच कमी. त्यामुळे टोयोटासारख्या कंपनीने पेट्रोल इंजिनाला मोटर जोडून जो लाभ मिळविला तेवढा डिझेलला जोडून मिळत नाही, आणि दुसरीकडे डिझेल इंजिन आधीच पेट्रोलहून महाग असल्यामुळे खर्च मात्र दोन्हीकडून वाढतो. फोक्सवागेनने २०१३ मध्ये ‘एक्सएल-१’ काढून शंभर किलोमीटरला ०.९ लिटर हा विक्रमी आकडा गाठला. दोन सिलिंडरांचे आठशे सीसीचे डिझेल, सोबत छोटी मोटर, घरच्या विजेवर भरता येणारी बॅटरी आणि सारे मिळून वजन आठशे किलोंच्या आत. त्या गाड्या अवघ्या अडीचशे बनल्या, यावरून त्या विक्रमाची किंमत काय होती ते समजावे.

आपल्या देशातील प्रयोगाचे आकडे याहून बोलके आहेत. १ एप्रिल २०१५ रोजी विजेच्या आणि संकरित गाड्यांना अनुदान देणारी केंद्र सरकारची ‘फेम’ ही योजना सुरू झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मारुतीने सियाझ या गाडीची संकरित डिझेल आवृत्ती बाजारात आणली. इंजिन तेच १.३ लिटरचे, फियाटच्या कुळातले, जे पुण्याजवळच्या रांजणगावी आणि मारुतीकडे मानेसरला बनत असे आणि इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसे की लोक त्याला हिंदुस्थानचे राष्ट्रीय इंजिन म्हणत. पट्ट्यावर दांडगा अल्टरनेटर, थोडी मोठी शिशाची बॅटरी आणि सिग्नलला आपोआप बंद होण्याची सोय, एवढाच हा संकर होता. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीत जुन्या डिझेल सियाझचा आकडा लिटरला २६.२१ किलोमीटर होता, तो २८.०९ वर गेला.

वाढ सात टक्क्यांची. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हिशेब मांडला तर ५७२ लिटरऐवजी ५३४ लिटर, म्हणजे ३८ लिटरची बचत. डिझेल नव्वद रुपयांनी धरले तर साडेतीन हजारांच्या आतबाहेर रुपये. यासाठी सरकार गाडीमागे तेरा हजार रुपयांचे अनुदान देत होते. टीका होणे अपरिहार्य होते, आणि १ एप्रिल २०१७ पासून असल्या सौम्य संकरित डिझेल गाड्यांना ‘फेम’मधून वगळण्यात आले. तीन महिन्यांनी वस्तू व सेवा कर आला आणि त्याने मोठ्या संकरित गाड्यांवर अधिभारासह ४३ टक्क्यांचा भार टाकला. महिंद्रने २०१६ मध्ये स्कॉर्पिओत आणलेली अशीच सोय याच फेऱ्यात सापडली. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये भारत-६ हे धुराचे मानक लागू होताच मारुतीने डिझेलचाच नाद सोडला आणि ते राष्ट्रीय इंजिन इतिहासजमा झाले. त्याआधी २०१० साली पुण्याच्या केपीआयटीने भारत फोर्जच्या साह्याने चालू गाड्यांना बाहेरून मोटर आणि बॅटरी बसविण्याचा ‘रेव्होलो’ नावाचा संच जाहीर केला होता. कल्पना उत्तम, पण खासगी गाड्यांच्या बाजारात तीही रुजली नाही.

कंपूतील गॅरेजांत या गाड्यांची चौकशी केली तेव्हा मिस्त्रींच्या बोलण्याचा सूर तक्रारीपेक्षा उपेक्षेचा होता. खास बनावटीची बॅटरी संपली की मालक साधी बसवून घेतो, मग सिग्नलला इंजिन बंद पडण्याची सोय निकामी होते आणि कोणाला तिची उणीवही भासत नाही, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य. यामागे ग्वाल्हेरचे हवामान आहे असे मला वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला असता गाडीतला वातानुकूलक बंद ठेवणे अशक्य, आणि त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालत असल्याने थंडावा हवा तर इंजिन चालू हवे; म्हणजे इंधन वाचविण्याची जी युक्ती विलायतेत वर्षभर उपयोगी पडते ती येथे नेमक्या लांब उन्हाळ्यात निरुपयोगी ठरते. ज्याला ग्वाल्हेरसाठी डिझेल-संकर रचायचा असेल त्याने कॉम्प्रेसर विजेवर चालवावा, त्यासाठी बॅटरी मोठी घ्यावी, ती गाडीच्या आतल्या गार हवेने थंड राखावी आणि त्या हवेच्या वाटेवर आपल्या धुळीला पुरे पडेल, सहज काढून झटकता येईल अशी गाळणी ठेवावी. ही यादी लांबली की किंमतही लांबते.

धुराच्या बाबतीत मात्र संकराचा लाभ इंधनाच्या बचतीहून मोठा असू शकतो, आणि याची चर्चा फारशी होत नाही. डिझेल काजळी ओकते ते मुख्यत्वे एकदम पॅडल दाबल्यावर, जेव्हा इंधन ताबडतोब वाढते पण टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो आणि हवा अपुरी पडते. नेमक्या त्या क्षणी मोटरने भार उचलला तर इंजिनाला सावकाश चढता येते. भारत-६ च्या गाड्यांत काजळी पकडणारी गाळणी असते. ती अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापवून आतली काजळी जाळावी लागते, आणि शहरात गल्लीबोळांतून फिरणाऱ्या गाडीची गाळणी कधीच पुरती तापत नाही म्हणून तुंबते, ही तर घरोघरची तक्रार आहे. संकरित गाडीत इंजिनावर मुद्दाम भार टाकून धूर तापविता येतो आणि तो जादा भार वाया न जाता बॅटरीत वीज म्हणून जमा होतो. उलट बाजूही आहे. इंजिन वारंवार बंद राहिले तर धूर निवतो आणि नायट्रोजनची विषारी संयुगे मोडणारे रसायन, ज्याला दोनशे अंशांची ऊब लागते, ते झोपी जाते. या दोन्हींचा तोल सांभाळणे हेच या रचनेतले सर्वांत कठीण कसब आहे. २०१५ साली फोक्सवागेनच्या डिझेल गाड्यांतील धुराच्या चाचणीची लबाडी उघडकीस आली तेव्हापासून हा तोल खरोखर साधला आहे की नुसता कागदावर, हे तपासण्याची निकड जगाला पटली.

मग ही जोडी शोभते कोठे? त्यासाठी शाळकरी गणित पुरे. बाराशे किलोंची मोटारगाडी ताशी ३६ किलोमीटरवरून थांबते तेव्हा ६० किलोज्यूल शक्ती गमावते. ती पुन्हा मिळवायला पाचएक मिलिलिटर डिझेल लागते. बारा टनांची बस त्याच वेगावरून थांबली की ही हानी दसपट, म्हणजे पन्नास मिलिलिटरच्या जवळपास, आणि वीस-एकवीस थांब्यांना एक लिटर. बॅटरीत शिरताना आणि निघताना होणारी घट वजा जाता यातले निम्मे जरी परत मिळाले, तरी दिवसाला शेकडो वेळा थांबणाऱ्या बसच्या बाबतीत तो आकडा सियाझच्या वार्षिक बचतीला काही दिवसांतच मागे टाकतो. बस दिवसभर चालते, खासगी गाडी तेवीस तास उभी असते. महाग यंत्राची किंमत धावण्यातून वसूल होते, उभे राहण्यातून नव्हे. टाटा मोटर्सने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला वांद्रे-कुर्ला संकुलासाठी ज्या पंचवीस संकरित डिझेल बसगाड्या दिल्या आणि ज्या बेस्टने २०१८ पासून चालविल्या, त्यांच्यामागे हेच गणित होते.

आणि बसच्या बाबतीत ग्वाल्हेर काही नवशिके नाही. राजधानी दिल्लीतील शहर-बससेवा १९४८ च्या मेपर्यंत ‘ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी’ या आपल्या कंपनीच्या परवान्यावर चालत असे; सेवा अपुरी ठरवून केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली, हा भाग वेगळा. पुढे त्याच दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मज्जाव झाला आणि तेथून निघालेल्या कित्येक गाड्या ना-हरकत दाखला घेऊन आसपासच्या राज्यांत नवे धनी शोधू लागल्या. म्हणजे राजधानीच्या हवेतून हाकलून दिलेला धूर कंपूसारख्या वस्त्यांत उतरू लागला. यावर उपाय म्हणून नव्या डिझेल-संकरित मोटारगाड्या विकत घ्या असे कोणी सांगू लागला तर मी त्याला विरोध करीन. खासगी गाडीसाठी पेट्रोलचा संकर किंवा शुद्ध विजेची गाडी अधिक शहाणपणाची आहे, आणि बॅटरी-रिक्षाने ते शहाणपण कोणत्याही अनुदानाच्या चर्चेपूर्वी रस्त्यावर आणून दाखविले आहे. मात्र शिवपुरी, भिंड, श्योपुर या वाटांवर दिवसभर माणसे वाहणारी जीप आणि लहान बस यांच्यासाठी, जोवर तालुक्यापलीकडे खात्रीची वीज भरण्याची ठिकाणे नाहीत तोवर, डिझेल आणि मोटर यांची जोडी हाच सरळ हिशेब आहे, आणि अनुदान द्यायचेच असेल तर ते सियाझला नव्हे, या वाहनांना द्यायला हवे होते.

प्रत्यक्षात गंगा उलटी वाहते आहे. २०२५ च्या जूनमध्ये टोयोटाने ४८ व्होल्टची सौम्य जोड दिलेली फॉर्च्युनर बाजारात आणली, २.८ लिटरचे डिझेल, पट्ट्यावरची मोटर आणि किंमत चाळीस लाखांच्या वर. माधवराव महाराजांनी १९०५ साली पशुमेळा म्हणून सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात, जेथे आता बैलांऐवजी मोटारी खपतात आणि अनेक वर्षे रस्ता-करात निम्मी सूट मिळत आली आहे, अशा गाड्यांना गिऱ्हाइके लाभतात. सूट टक्क्यांत असल्यामुळे जितकी गाडी महाग तितका राज्याच्या खजिन्यातून मिळणारा लाभ मोठा. केंद्राने २२ सप्टेंबर २०२५ पासून करांची जी फेररचना केली तीत पंधराशे सीसी आणि चार मीटर या मर्यादेतल्या डिझेल-संकरित गाड्यांसाठी १८ टक्क्यांचा सवलतीचा दर स्वतंत्रपणे लिहिला आहे आणि त्याहून मोठ्यांना ४० टक्के. कराच्या दप्तरात अशा छोट्या गाडीचे रकाने तयार आहेत. त्यात बसेल अशी एकही गाडी या क्षणी कोणत्याही कारखान्यातून निघत नाही, आणि चाळीस टक्क्यांच्या रकान्यातली फॉर्च्युनर मात्र विकली जात आहे.